रागिणीची फ्रेंच पुस्तकं

रागिणीची आई,

दुपारी पाँडिचेरीच्या एका ग्रंथालयाची माणसं येतील. आपल्या रागिणीची फ्रेंच पुस्तकं त्यांना नेऊ दे. काल सांगणार होतो, पण तू तिचं कपाट पुसत होतीस.

देवाधर्माची, तत्त्वज्ञानाची, दोन-अडीचशे वर्षांमागच्या पहिल्या छापाची पुस्तकं पोरीनं कुठून कुठून गोळा केली. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, "बाबा, मी गेल्यावर ती कोंडून ठेवू नका. वाचणाऱ्याच्या हातात द्या." वरीस झालं, आपल्याच्यानं झालं न्हाई. आता खालच्या फळीला वाळवी लागली.

मी मेंढरं घेऊन माळावर चाललो. पुस्तकांच्या पेट्या घराबाहेर निघताना मला बघवणार न्हाई. तुझ्या सोबतीला तुझा भाऊ शिवहार येईल. तू जेवून घे, माझी वाट बघू नको.

लाल चामड्याच्या बांधणीचं एक लहान पुस्तक तू उशाखाली ठेवतीस, मला ठाऊक हाय. त्यातलंच ती आपल्याला आपल्या बोलीत सांगायची. त्याचं मी त्या माणसांना बोललो न्हाई. द्यायचं का ठेवायचं, तू ठरव. ठेवलंस, तर कधी मला बी जरा हातात घेऊ दे.

लिंबाजी