धुळे ते जळगाव, साडेतीस मिनिटे

२५ एप्रिल १९३३
आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मेहुणा अभिमन येऊन सुगंधाला जळगावला माहेरी घेऊन गेला. निघताना ती रडली. मी टाइमटेबल बघत होतो. सासरे लोटननानांचा निरोप: सण झाला की न्यायला जावयानंच यायचं, रीत आहे. जाईन की. कसं जायचं, एवढाच प्रश्न.

७ मे
शाळेला सुट्टी. वेळच वेळ. रेल्वेनं चाळीसगावला गाडी बदलून ब्याण्णव मैल. मोटारनं पारोळा-एरंडोलची धूळ खात अठ्ठावन्न. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवली. सरळ रेघ एक्कावन्न. विमानाचा स्पीड ताशी शंभर धरला तर साडेतीस मिनिटं. पेपरात आहे की जूनमध्ये एक वैमानिक धुळ्याला येऊन लोकांना तिकीट लावून फिरवणार. ठरलं. सुगंधाला विमानानं आणायचं. नानांना तसं कळवलं.

१४ मे, दुपारी
शेजारच्या ताईबाईंनी ओट्यावरूनच विचारलं, "मास्तर, बाईले लेवाले कव्हय जाशात?" विमान आलं की आणायला जाईन म्हटलं, आणि त्यांना पश्चिमेचा वारा समजावला. जाताना पाठीशी म्हणून चार मिनिटं वाचतात, येताना सहा जास्त लागतात. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, होळीला मूल गेल्यापासून बाई कुणाशी बोललीच नाही, तुम्ही तरी जवळ असायला हवं. मी आत येऊन गणित पुन्हा तपासलं. बरोबर होतं.

२२ मे
नानांचं कार्ड. विमान राहू द्या, मोटारनं या, लोक विचारतात. त्यांना सायन्स कळत नाही. शिवाय मला सर्दी.

३ जून
वैमानिक येत नाही. त्याला म्हणे धुळ्यात उतरायला पसंत पडेल असं मैदानच नाही. गावाची नामुष्की. उद्या मोटारनं नक्की.

४ जून
मोटारमध्ये फक्त मागची जागा. उद्या.

५ जून
स्टँडपर्यंत गेलो. परत आलो. कारण लिहिण्यासारखं नाही.

६ जून, जळगाव, संध्याकाळी
पोचलो. साडेपाच तास, एरंडोलजवळ टायर गेला. नाना दारातच होते. "पोर ते सकायनी गाडीवरच निंघी गयी. तुमनी वाट देखी देखी बठ्ठा थकनात." अभिमन सोबत आहे. मी सडकेनं आलो, ती रेल्वेनं गेली. म्हणजे सुगंधा धुळ्यात, घराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. सासूबाईंनी जेवायला वाढलं.

७ जून, धुळे
सुगंधा रात्रभर ताईबाईंकडे होती. अभिमन मला रामराम न करताच परत गेला. मी रीतीबद्दल काहीतरी बोलू लागलो, तर ती म्हणाली, तुमच्यानं येववत नव्हतं, म्हणून मीच आले. दार उघडलं. आत दोघं बसलो. मग तिनं आमच्या झुलालचं नाव घेतलं. होळीपासून या घरात ते कुणी घेतलं नव्हतं. पाणी आणतो म्हटलं, पण मला उठता आलं नाही.