बर्फाचा कप्पा

६ एप्रिल
तोंड आहे की गटार माझं! दुपारी काउंटरवर काम करणारी ती दुकानाच्या मागच्या खोलीत पोटात सुई टोचून घेत होती, मी मशीनवर चष्म्याच्या काचा घासत होतो. बोललो काय — “गोड कमी खा की! आमचे बाबा तासभर चालतात, एक गोळी घेतात, झालं!”
ती टोपण लावत म्हणाली, “शहाण्या, तुझ्या बाबांच्या अंगात इन्सुलिन बनतं, नीट लागू पडत नाही. त्यांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा. माझा पहिल्या. माझ्या अंगात बनतच नाही, नवव्या वर्षापासून. चालून चालून जाऊ कुठे?”
काउंटरवरून मालक खो-खो हसले. उलट मीच भडकलो — “मला अक्कल शिकवू नकोस!” जिच्यासाठी सकाळी दोनदा भांग पाडतो, तिलाच!

७ एप्रिल
वहिनीला विचारलं. दिवस गेल्यापासून तिलाही साखर निघालीय. “माझी तिसरीच तऱ्हा, भाऊजी. बाळ झालं की बहुतेक जाईल, पण पुढे जपावं लागेल. नाव एक म्हणून दुखणं एक नसतं.”
मास्तरांशी हुज्जत घालून कॉलेज सोडलं. तेव्हाही मला सगळं कळतच होतं.

९ एप्रिल
तिच्या घरचा फ्रीज बिघडलाय. महिन्याच्या इन्सुलिनचा डबा तिने दुकानातल्या फ्रीजमध्ये ठेवला. म्हणाली, “लक्ष ठेव हं, गरम व्हायला नको.” मला म्हणाली! मालकांना नाही!
उकाडा मरणाचा. फ्रीजचं दार नीट लागत नाही. ती गेल्यावर डबा वर, बर्फाच्या कप्प्यात सरकवला. जितकं गार तितकं चांगलं.

१० एप्रिल
सकाळी उघडून बघतो तर आतलं सगळं दगड! ती यायच्या आत खाली ठेवला. दुपारपर्यंत वितळलं, पाण्यासारखं स्वच्छ. मग बोललो नाही. पुन्हा “शहाण्या” कोण ऐकणार?
संध्याकाळी ती डबा घेऊन गेली. फ्रीज दुरुस्त झालाय म्हणे.

१३ एप्रिल
ती आली नाही. रात्रभर उलट्या, पहाटे दवाखान्यात नेलं, असं मालक म्हणाले.

१४ एप्रिल
दवाखान्यात गेलो. साखर पाचशेच्या वर. जिन्यात तिचा दादा आईला सांगत होता, “डोस चुकवते आणि आपल्याला फसवते. बस झाली नोकरी! घरी बसव तिला.”
डोकं फिरलं. त्याची कॉलर धरली! “तिला खोटारडी म्हणायचं काम नाही!”
नर्सने मला बाजूला ओढलं. मग त्याला विचारलं, “इन्सुलिन उन्हात राहिलं होतं का? गोठलं होतं का? एकदा गोठलं की वितळूनही कामाचं राहत नाही.”
तो म्हणाला, “छे!”
मी तिथेच उभा होतो. ज्याची कॉलर धरली, त्याच्यापुढे तोंड उघडेना. पळालो.

१५ एप्रिल
गेलो नाही. भेकड.

१६ एप्रिल
दारापर्यंत जाऊन परतलो.

१७ एप्रिल
मालक म्हणाले, “तिचा दादा सांगून गेला, ती येणार नाही. काउंटरला दुसरी बघतोय.” मी उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली. त्यांनी शिव्या घातल्या. आणखी घालायला हव्या होत्या.

१८ एप्रिल
तिच्या घरी गेलो. ती आत झोपलेली. दादाला सांगून टाकलं — डबा मी गोठवला, तिने डोस चुकवला नाही, नोकरी सोडवू नका. त्याने हात उगारलाच नाही. मार खायची तयारी करून गेलो होतो, ती तशीच राहिली.
आई एवढंच म्हणाली, “मग दोन डोस चुकवले असं ती आपल्या तोंडाने का बोलली रे?”
मला काय माहीत!

२३ एप्रिल
ती कामावर आली. डबा आणला नाही. माझ्या मशीनपाशी येऊन हळूच म्हणाली, “त्या संध्याकाळी डबा ओला होता. नर्सने आधी मलाच विचारलं, गोठलं होतं का, तेव्हा कळलं. तुझं नाव घेतलं असतं तर दादाने तुला सोडलं नसतं. म्हटलं, तू स्वतः येऊन सांगशील — एका दिवसात.”