बावीस नंबर उशिरा उठतो

बाबा,

हे खरं तर आधी आईला सांगायला हवं. ते जमत नाही म्हणून तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही ऐकून घ्याल आणि उलट काही विचारणार नाही. हयात असतानाही तुम्ही फारसं विचारत नव्हता म्हणा. मी दोह्यात असते, अल सद्द भागात, चौथ्या मजल्यावर. लग्न होऊन इथे आले त्याला आता नऊ वर्षं होतील. तुम्ही न पाहिलेले तुमचे जावई गॅसच्या प्लांटवर आहेत, कमी बोलतात, तुमचं त्यांच्याशी जमलं असतं. इथे फुटबॉलचा वर्ल्ड कप व्हायचा आहे आणि त्यापायी सगळं शहर खणून ठेवलंय. कालचा रस्ता आज बंद असतो, घरी यायला रोज नवं वळण शोधावं लागतं. हा कागद मी ऑफिसच्या बॅगेत ठेवणार आहे, तिथे आई हात लावत नाही.

माझं काम ऐकून तुम्हाला हसू येईल. मी दिवसभर बसून मॅच बघते आणि त्याचा पगार घेते. आमचं ऑफिस मुख्यतः इथल्या फुटबॉल क्लबांसाठी काम करतं, वर्ल्ड कपच्या तयारीत अशी ऑफिसं बरीच निघाली. पण जोडीला अमेरिकेचं एक काम आहे आणि ते माझ्याकडे आहे. तिकडचा फुटबॉल वेगळा. चेंडू लांबुडका, तो हातात घेऊन पळायचं, आणि डोक्यावर हेल्मेट घालून एकमेकांवर अक्षरशः आदळायचं. तिथल्या कॉलेजांमधली हजारो मुलं हा खेळ खेळतात आणि वर्षातून एकदा मोठे व्यावसायिक संघ आळीपाळीने त्यांतली मुलं निवडतात. ज्याचं नाव लवकर पुकारलं जातं त्याचं घर वर येतं, उशिरा पुकारलं तर थोड्या पैशांत राबायचं, आणि बाकीच्यांनी घरी जायचं. त्याआधी प्रत्येक मुलाच्या मॅचेस कोणीतरी थांबवून थांबवून बघाव्या लागतात. ते कोणीतरी म्हणजे मी. मी फक्त बचाव करणारी मुलं बघते आणि त्यांना ग्रेड देते. ते लोक झोपतात तेव्हा आमचा दिवस असतो, त्यामुळे त्यांच्या सकाळी रिपोर्ट तयार. म्हणून हे काम दोह्यात आलं.

मुलाखतीला गेले तेव्हा हा खेळ मी आयुष्यात पाहिलेला नव्हता. मॅनेजर केरळचा, चांगला माणूस आहे. त्याने एक क्लिप लावली आणि विचारलं, "मॅडम, इसमें सबसे अच्छा डिफेंडर कौन?" मी एका टोकाला एकटा उभा असलेला मुलगा दाखवला. तो म्हणाला, "उसने तो कुछ किया ही नहीं." मी म्हटलं, "उसकी तरफ कोई जाता ही नहीं, देखिए." त्याने क्लिप दोनदा मागे नेऊन बघितली आणि मला नोकरी दिली. ती नोकरी तुम्ही दिलीत, बाबा. नाशिकच्या त्या शाळेत तुम्ही पीटीचे सर, आम्हा मुलींना कबड्डी शिकवायचात आणि म्हणायचात, चढाई करणारीकडे सगळं मैदान बघतं, तू कोपऱ्यात जी उभी आहे तिचे पाय बघ. मी अजून तेच बघते.

तुमचं एक बोलणं मात्र तेव्हा झोंबलं होतं. मी नववीत, संघाची कॅप्टन, आणि जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी माझ्या मते कोण हवं त्याची यादी तुम्ही माझ्याकडून करून घेतली होती. डाव्या कोपऱ्यातल्या मुलीच्या नावावर मी काट मारून पुढे लिहिलं होतं, कामचोर. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "तिला विचारलंस?" मी म्हटलं, "काय विचारायचं, दिसतंय की." तुम्ही म्हणालात, "दिसतंय ते तुला. तिला काय होतंय ते तिला विचार." विचारल्यावर कळलं की तिच्या अंगात दोन दिवस ताप होता आणि संघातून काढतील म्हणून तिने तो लपवला होता. तुम्ही तिला स्कूटरवर घरी सोडलंत, तिचं नाव यादीत ठेवलंत, आणि पहिल्या मॅचला मला बाहेर बसवलंत. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही.

आणि तुम्हाला मात्र मी विचारलं नाही. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. मैदानावर घोट्याची पकड करून दाखवताना एका मुलीचा गुडघा तुमच्या कानशिलावर बसला. घरी येऊन तुम्ही हसत सांगितलंत की आज सातवीतल्या पोरीने मला बाद केलं. आईने बर्फ लावला, टेंगूळ उतरलं, आणि आम्ही ते विसरलो. तीन-चार आठवड्यांनी तुमचं डोकं दुखायला लागलं. तुम्ही चष्म्याचा नंबर तपासून आलात. मग एक-दोनदा सकाळी उठल्या उठल्या उलटी झाली. मग तुम्ही पॅसेजमधून भिंतीला हात लावत चालायला लागलात. एके दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही चहा गाळताय आणि चहा कपात न पडता ओट्यावर पडतोय, आणि तुम्ही तो पडताना नुसते बघताय. आईने माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींच्या मनात एकच आलं. मी तिसरीत असेपर्यंत तुम्ही प्यायचात. एका पाडव्याला तुम्ही आईला शब्द दिलात आणि बारा वर्षं पाळलात. बारा वर्षं आई सुखात होती आणि बारा वर्षं धास्तावलेलीही होती, हे मला माहीत होतं.

त्या रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला तुम्ही भाजी घेऊन आलात. जीभ जड झाली होती, डावा पाय ओढत चालत होतात. पिशवी टेबलावर ठेवायला गेलात ती खाली पडली. आई तुमच्या अगदी जवळ जाऊन आली आणि मला हळूच म्हणाली, "वास तर येत नाही गं." मी म्हणाले, "वास न येणारीही असते आई. व्होडका." कुठून आणलं होतं हे ज्ञान? कॉलेजच्या होस्टेलवरच्या मुलींच्या गप्पांतून. बाटली मी कधी पाहिलीही नव्हती. मग मी तुमच्याकडे वळून म्हणाले, "बाबा, जरा तरी लाज वाटू द्या." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता. तो सापडत नाही हीच मी कबुली धरली. शेवटी तुम्ही "झोपतो" एवढंच म्हणालात. आईने खोलीचं दार लोटलं, आणि मी तिला म्हणाले, "झोपू दे, उतरेल." पाच वाजता ती चहा घेऊन गेली तेव्हा तुम्ही नव्हता.

ओळखीच्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हृदयविकार लिहिलं. कोणी खोलात गेलं नाही, आम्ही जाऊ दिलं नाही. तेराव्याला तुमच्या शाळेतली माणसं तुमच्याबद्दल किती चांगलं बोलली, आणि आई सगळा वेळ खाली मान घालून बसली होती. लोकांना वाटलं, दुःखाने.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात एका डॉक्टरचं भाषण ठेवलं होतं, डोक्याला मार बसलेला खेळाडू क्लिपमध्ये कसा ओळखायचा यावर. हात हवेत ताठ होतो. पाय फाकवून चालतो. भलत्याच बाजूला जाऊन उभा राहतो. आम्ही सगळे वहीत लिहून घेत होतो. मग तो म्हणाला की कधीकधी मार साधा असतो, त्या दिवशी काहीच होत नाही, पण आत थेंब थेंब रक्त साठत राहतं आणि आठवड्यांनी माणूस झोकांड्या खायला लागतो, जीभ जड होते, झोप येते, आणि घरच्यांना वाटतं की हा पिऊन आलाय. तो हे अगदी सहज म्हणाला, एक-दोघं हसलेही. भाषण संपल्यावर मी त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि एका ओळखीच्या माणसाचं म्हणून सगळं सांगितलं. त्याने वय विचारलं, किती दिवस ते विचारलं. म्हणाला, न बघता खात्रीने सांगता येणार नाही, पण एक स्कॅन केला असता तर दिसलं असतं, आणि असं रक्त पुष्कळदा काढता येतं. मी शुक्रन म्हणून त्याचे आभार मानले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

त्यानंतरच्या वसंतात बावीस नंबर माझ्याकडे आला. नाव माहीत आहे, पण आम्ही नंबरानेच बोलतो. तुम्हाला आवडला असता असा कोपरा सांभाळणारा. ज्याला पाडायचा त्यालाच नंतर हात देऊन उठवायचा. निवडीच्या पहिल्याच दिवशी नाव पुकारलं जाईल असं सगळे म्हणत होते. सीझनच्या शेवटच्या मॅचेसमध्ये मला दिसलं की पडल्यावर तो उशिरा उठतो. एका मॅचमध्ये तो आदळला, उठला, आणि चालत जाऊन प्रतिस्पर्ध्यांच्या बाकावर बसला. त्यांनी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. समालोचकही हसले. मी ती क्लिप इतक्या वेळा बघितली की माझं जेवण राहिलं. मग रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिली, की हा मुलगा आळशी नाही, याच्या डोक्याला वारंवार मार बसलेला असावा, निवडण्याआधी नीट तपासा.

मॅनेजरने ती ओळ काढली. "मॅडम, हम डॉक्टर नहीं हैं. ये लिखोगे तो लड़के का करियर खलास." खोटं नव्हतं ते. मी म्हटलं, "और नहीं लिखा तो लड़का खलास." मी ओळ परत घातली, तो पुन्हा काढायला आला तेव्हा मी लॅपटॉपवर हात ठेवून बसले, आणि शेवटी तो वैतागून "यल्ला, भेजो" म्हणाला, यल्ला म्हणजे इथलं चला. मला वाटलं, चला, एकदा तरी वेळेवर बोलले.

रिपोर्ट आम्ही एकाच संघाला विकत नाही. बऱ्याच जणांनी ती ओळ वाचली. पहिल्या दिवशी त्याचं नाव पुकारलं गेलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. अगदी शेवटी एका संघाने त्याला घेतला, आणि आठवड्याभरात त्यांची मेल आली, आमचे आभार मानणारी. तुमच्या त्या ओळीमुळे एवढा चांगला खेळाडू आम्हाला फार स्वस्तात मिळाला, असं लिहिलं होतं. तपासलं का, याबद्दल एक अक्षर नव्हतं. तो खेळतोय. आता इतर संघांनाही रिपोर्टमध्ये डोक्याच्या माराचा असा रकाना प्रत्येक मुलासाठी हवा आहे, आणि त्या रकान्याची प्रमुख मी आहे. मॅनेजरने ऑफिसात केक आणला. मी तो खाल्ला.

आई सध्या इथे आहे, तीन महिन्यांसाठी. काल शुक्रवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर बावीस नंबरची या सीझनची क्लिप बघत होते आणि ती समोर मेथी निवडत होती. तिने चष्मा वर करून स्क्रीनकडे मान वळवली. तो नुकताच उठला होता, पाय फाकवून, एक हात पुढे करून भिंत शोधल्यासारखा चालत होता.

"हा प्यायलाय का गं?" आईने विचारलं.

मी क्लिप थांबवली. इतक्या वर्षांत इतकी सोपी वेळ आली नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं आणि तुम्ही सुटला असता. पण तुम्ही सुटला असता तर आईला दुसरंही कळलं असतं, की दार तिने लोटलं, आणि रिक्षा करून तुम्हाला न्यायला आमच्या हातात सबंध दुपार होती. परक्या देशातल्या परक्या मुलासाठी मी मॅनेजरशी भांडले होते.

"काय माहीत," मी म्हणाले.

ती पुन्हा मेथीकडे वळली. वर न बघता म्हणाली, "तुझे बाबा शेवटी असेच चालायचे. मी कधी बोलले नाही, पण मी केव्हाच माफ केलंय त्यांना. बारा वर्षं पाळला शब्द. माणूस आहे, मोडतो एखाद्या वेळी."

मी "हो" म्हणाले, बाबा. हो म्हणाले, आणि क्लिप पुढे चालू केली.