उस्तादांचा मी बंद केलेला तास

सगळ्यात आधी आली ती औषधांच्या दुकानातली बाई, साक्षीदार म्हणून, आणि बसायच्या आधीच म्हणाली की मजकूर आटोपशीर ठेवा, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय. मागून शिंपीभाऊ, दुसरे साक्षीदार. आणि त्यांच्या मागून, न बोलावता, माझा लेक आणि बारा वर्षांची नात. एवढा आनंद झाला की अल्लाहचं नाव घेऊन सुरुवात करायची राहिली, ते आता घेते.

मी, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण तिसरी, धंदा काज-बटण, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. डोक्याची शंका असेल त्याने माझी काजं तपासावीत.

एक. राहतं घर शरीयतने ठरवलेल्या वाट्यांनी वारसांना जाईल, त्यात मी बोट घालत नाही. माझ्या मर्जीने देता येतो तो तिसरा हिस्सा, त्यात पुढची खोली बसते. ती मोहल्ल्यातल्या मुलामुलींना शिकायला. कुराण शिकावं, गणित शिकावं, विज्ञानही. फक्त कितवा नंबर आला हे तिथे विचारायचं नाही.

दोन. शिलाई मशीन शिंपीभाऊंच्या सुनेला. मोठी कात्री शिंपीभाऊंना, कारण ती त्यांचीच आहे आणि बावीस वर्षं मी परत करायची विसरले. ते समोर बसून मान डोलावताहेत.

तीन. कफन कापून पेटीत ठेवलंय, पाच तुकडे. त्याला कोणी टाका घालू नये. जन्मभर लोकांच्या कडा दुमडल्या, माझं शेवटचं कापड बिनकडेचं.

चार. हे मुख्य. लेकाला दीन, म्हणजे आपला धर्म, शिकवायला उस्ताद घरी यायचे, चार ते पाच. सातवीत शाळेने सांगितलं, शिकवणी लावा, मुलगा पहिला येईल. तिचीही वेळ तीच. उस्ताद म्हणाले, आठवड्याला एक तास तरी राहू द्या. मी दारातूनच म्हटलं, परीक्षा झाल्यावर या. परीक्षा काही संपल्या नाहीत. लेक पहिला आला, मोठा साहेब झाला. शाळेने त्याला पूल बांधायचं गणित दिलं, उपकारच आहेत. पण दुसऱ्याच्या पुढे जा, आपलं नाव मोठं कर, मोजता येत नाही ते सोडून दे, हेही शिकवलं. आमच्यात शिकणं फर्ज आहे, बाईलासुद्धा. पण एक दिवस जाब द्यायचाय हे ध्यानात ठेवून. ते शाळेच्या फळ्यावर कोणी लिहिलं नाही, आणि घरचा फळा मीच पुसला.

त्याच्या अब्बांच्या जनाज्याच्या नमाजेत अख्खी रांग ताठ उभी आणि हा एकटाच वाकला. त्या नमाजेत वाकायचं नसतं, उभ्यानेच दुआ मागायची. खाटीक येऊन म्हणाला, तुमचा पहिला नंबर चुकला. तेव्हापासून मी खाटकाशी बोलत नाही. त्याला माफ केल्याचं इथे नोंदवते, चूक माझी होती.

पाच. माझ्या जनाज्याची नमाज लेकाने पुढे उभं राहून पढवावी. हे कलम वाचून दाखवलं तेव्हा त्याने खिशातला फोन काढला. मग म्हणाला, "फोनवर बघून म्हणेन, अम्मी."

"फोन म्हणेल रे. माझ्यासाठी मागणार कोण?"

नात म्हणाली, "अब्बू, तुम्हाला येत नाही? दादी, मग आम्हा दोघांना एकदमच शिकव."

लेक खाली सतरंजीवर माझ्याशेजारी बसला आणि त्याने उस्तादांबद्दल विचारलं. उस्तादांना जाऊन सोळा वर्षं झाली. मी माफी मागायला कधी गेले नाही. हे कुठल्या कलमात बसत नाही, तरी लिहून ठेवते. मला येतं तेवढं शिकवीन म्हटलं.

साक्षीदार : औषधवाली (सही), शिंपीभाऊ (सही)
लिहून देणार : मी, माझ्याच हाताने (सही)
स्थळ : राहत्या घराची मागची खोली
दिवस : मंगळवार, अकरा नोव्हेंबर

लेक आणि नात दोघं शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजेनंतर, शिकायला येतो म्हणालेत.