आग्रहाचं अलेक्झांड्रिया

दमनहूर, २१ डिसेंबर

आदरणीय थोरले बंधू रागिब एफेंदी यांना धाकट्या फिक्रीचा सलाम, आणि उजव्या हाताचं चुंबन (हात असवानला आणि ओठ दमनहूरला, तेव्हा झालं असं समजावं). अल्लाच्या कृपेने आम्ही खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्यांचं काय? वरच्या इजिप्तच्या कोरड्या हवेत गुडघे गप्प बसतात म्हणे. आमच्याकडची हवा ओली, त्यामुळे माझे गुडघे पहाटेपासून भाषण देत असतात. इन्साफ सलाम सांगते. (ती शेजारी तांदूळ निवडत बसली आहे आणि मी काय लिहितो ते वाचायला मान लांब करते आहे, म्हणून अक्षर बारीक काढतो आहे. चष्मा लावून वाचावं.)

दादा, मुद्दा आधी सांगून टाकतो, कारण तुम्ही पत्राचं पहिलं पान वाचता आणि बाकीचं पुडीला देता हे मला ठाऊक आहे. सहा ते आठ जानेवारी, तीन दिवस आणि दोन रात्री, अलेक्झांड्रिया, आपण दोघे. तिकडची हिवाळी वादळं दरवर्षी ठरल्या तारखांना येतात; वर्षारंभाचं वादळ तोवर ओसरलेलं असेल आणि बाराव्या तारखेचं मोठं वादळ अजून समुद्रावर असेल. अब्बांनी आपल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं तेव्हा किनाऱ्यावरच्या हॉटेल नेपच्यूनच्या काचेला नाक लावून आपण आत बघत होतो, आठवतं? तुम्ही म्हणाला होतात, ‘फिक्री, पेन्शनीत निघालो की या दारातून आत जायचं, अंगात शिवून घेतलेला कोट घालून.’ तुम्ही तीन वर्षांपूर्वी निघालात, मी जूनमध्ये. आता दार काही आपल्याकडे चालत येणार नाही. तुम्ही येता की नाही, एवढाच या पत्राचा प्रश्न आहे. बाकी सगळी सजावट.

नकाशा पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये असं मी तीस वर्षं भूगोलाच्या तासाला सांगत आलो, म्हणून गेल्या मंगळवारी पहाटेच्या गाडीने एकटाच पाहणीला गेलो. नेपच्यूनच्या दारावरच्या उंच माणसाने मला बघताच दार उघडलं. मला वाटलं, माझ्या मागून कोणी बडी असामी येते आहे, म्हणून मी अदबीने बाजूला झालो. तो दार धरून उभा, मी बाजूला उभा, आणि मागून कोणी येईना. शेवटी तोच म्हणाला, ‘पाशा, थंडी आत शिरतेय, आपणही शिरा.’ दादा, आत काय सांगू! पितळी जाळीची लिफ्ट कण्हत वर जाते, पण जाते. जिन्याचा संगमरवर मधोमध झिजलेला आहे, इतके सभ्य पाय त्यावरून गेलेत. आणि सगळीकडे कॉफीचा आणि मेणाचा वास. मला तर मोठ्याने बोलायचीही भीती वाटली.

फजिती झाली ती टेबलामागच्या तरुणापाशी. त्याने विचारलं, ‘समुद्राकडची खोली दाखवू का?’ मी चांगल्या घरातला माणूस. म्हणालो, ‘नको नको, आपल्याला कशाला त्रास.’ आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभा राहिलो. तर तो हसला आणि त्याने किल्ली परत टांगली! नंतर कळलं की तो सहा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये काम शिकून आलाय आणि तिकडे म्हणे नको म्हणजे नको. (काय तो देश! पाहुणे उपाशीच परतत असतील.) मी खांबाभोवती तीन फेऱ्या मारल्या, घसा खाकरला, ‘समुद्र आज शांत दिसतोय’ असंही हवेत बोलून पाहिलं. तो ढिम्म हलला नाही. त्याने मला मागच्या अंगाची खोली दाखवली. खिडकीतून पलीकडच्या घराची धुणी दिसतात. तरीही सांगतो, चादरी अशा कडक की बसायला संकोच वाटावा, आणि नळातून गरम पाणी आलं ते एकदाही विनवण्या न करता.

तिथून यानाकीच्या खाणावळीत गेलो. (खाणावळ म्हणणं पाप आहे, पण दुसरा शब्द सुचत नाही. टेबलावर पांढरं कापड, आणि मासा येतो तो अख्खा, डोक्यासकट, जणू ओळख करून घ्यायला.) तिथले मुख्य वाढपी इद्रीसचाचा. नूबियातले, पांढरं जाकीट, इस्त्री अशी की घडीने बोट कापेल. त्यांनी विचारलं, ‘कोळंबी आणू, पाशा?’ पहाटेपासून पोटात अर्धी भाकर, पण तोंडाला सवय. म्हणालो, ‘छे हो, आत्ताच जेवून निघालोय.’ आणि जीभ चावली. पण इद्रीसचाचा हलले नाहीत. ‘आज सकाळचीच आहे, पाशा.’ मी म्हणालो, ‘खरंच नको.’ ते म्हणाले, ‘आचारी माझ्यावर रागावेल.’ मी म्हणालो, ‘आता तुम्ही इतकं म्हणताच आहात तर...’ कोळंबी आली, भात आला, तळलेलं माकूळ आलं, आणि मी ताट पुसून खाल्लं. नंतर कॉफी ओतताना ते हळूच म्हणाले, ‘चाळीस वर्षं हेच काम करतोय. पहिला नकार आईने शिकवलेला असतो, दुसरा बायकोने. तिसऱ्या वेळी माणूस स्वतः बोलतो. तोवर थांबायचं.’ असा माणूस मंत्री व्हायला हवा होता. पण मग कोळंबी कोणी वाढली असती?

आणि दादा, ती कॉफी पिताना मला तुम्ही आठवलात. पाच वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे आलात. संध्याकाळ झाली, तुम्ही उठलात, म्हणालात, ‘निघतो.’ मी म्हणालो, ‘जेवून जा.’ तुम्ही म्हणालात, ‘नको.’ आता रीत अशी की मी आणखी दोनदा म्हणायचं, तुमची काठी लपवायची, दारात आडवं पडायचं. मी काहीच केलं नाही. माझी दाढ ठणकत होती, जबडा उघडत नव्हता. तुम्ही जिना उतरून गेलात. तेव्हापासून ईदचं कार्ड येतं, त्यावर फक्त सही. ती सही मी फार वेळ बघत बसतो, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

असो. शिंपी राहिलाच. ट्रामच्या मोठ्या स्टेशनामागच्या गल्लीत हागोप नावाचे आर्मेनियन उस्ताद आहेत. ऐंशीच्या घरातले, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्यांसकट स्पष्ट बोलतात. माझा कोट त्यांनी दोन बोटांनी उचलला आणि विचारलं, ‘कोणी दिला? काही वैर आहे का?’ मी म्हणालो, मेहुण्याने. ते म्हणाले, ‘मग ठीक.’ (ही ओळ इन्साफला दिसता कामा नये.) टेप न लावता, नुसतं बघून त्यांनी सांगितलं, ‘डावा खांदा अर्धं बोट खाली. मास्तर होता ना? वह्यांचे गठ्ठे वाहिलेत.’ दादा, माझ्या तीस वर्षांच्या नोकरीची दखल शिक्षण खात्याने घेतली नाही, ती या माणसाने एका नजरेत घेतली. मला भरून आलं. शेल्फावरून त्यांनी राखाडी लोकरीचं ठाण उतरवलं, त्यात रेघ इतकी बारीक की उन्हात धरल्याशिवाय दिसत नाही. शेजारच्या दुकानात टाय आणि रुमालही बघून ठेवलेत. तिथला विक्रेता टायची गाठ अशी मारतो की सोडवताना वाईट वाटावं.

तेव्हा पाच तारखेच्या रात्रीच्या गाडीत बसा. सहाला दुपारी मी अलेक्झांड्रियाच्या स्टेशनवर तुमच्या डब्यापाशी उभा असेन.

तुमचा धाकटा,
फिक्री

ता. क. ते राखाडी कापड माझ्यासाठी नाही. तुमच्या लग्नाचा फोटो मी खिशात नेला होता, तो हागोप उस्तादांना दाखवला. त्यांनी कापड बाजूला काढून खडूने तुमचं नाव लिहिलं, पण कात्री लावायला तयार नाहीत. म्हणाले, ‘फोटोला कोट शिवत नाही. माणूस उभा करा.’ समुद्राकडची खोलीही मी घेतली आहे. दुसऱ्या दिवशी तार करून, स्विस पद्धतीने, सरळ.

ता. क. दुसरा. दादा, या.

ता. क. तिसरा. तुम्ही आला नाहीत तर इन्साफला तलाक! शपथ घातली आहे, आता तिचा संसार तुमच्या हातात.

भाऊजी, सलाम. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्या हाती दिलं, म्हणून वाचलं. माझ्या भावाने दिलेला कोट चांगलाच आहे. शपथेचं मनावर घेऊ नका. गेल्या महिन्यात याच शपथेवर दूधवाल्याला रव्याचा गोड बसबूसा खाऊ घातला, आणि बसबूसाही मीच केला होता. पण दाढेचं खोटं आहे. ती दाढ त्याच्या आदल्या वर्षीच काढून झाली होती. त्या दिवशी घरात मसुराच्या डाळीशिवाय काही नव्हतं, आणि थोरल्या भावापुढे नुसती डाळ ठेवायची यांना लाज वाटली. तुम्ही जिन्यात मधेच थांबलात ना, तेव्हा हे दाराआड कडीवर हात ठेवून उभे होते. मी म्हटलं, अहो, हाक मारा, भाऊजी डाळ आवडीने खातात. नाही मारली. पाच वर्षं रोज मनातल्या मनात मारत होते, ती आज कागदावर मारली आहे. ऐकू आली असेल तर या.

इन्साफ