कोपऱ्यातला आकडा

प्रिय दादा,

प्रिय लिहिलंय ते सवयीनं, आज मनातून निघत नाहीये. फोनवर तू ‘अगं ऐक तर’ करत मला गुंडाळशील, म्हणून लिहितेय.

गोदामात गेले तर आपल्या सबवूफरचा खोका अजून कोपऱ्यातच, भिंतीला पाठ टेकवून, समोर स्टुलावर माइक. तिथंच सगळं कळलं. मोजणी माझं काम आहे ना रे? खोका मोकळ्या मैदानात, आसपास भिंत नाही, माइकचं अंतर तेच, वीज तेवढीच, दरवेळी. मी उन्हात भाजून निघायचे आणि तू हसायचास, ही बाई खोक्याला फिरायला नेते म्हणायचास. पण आवाजाचा आकडा दरवेळी एक्क्याण्णव डेसिबलच यायचा. तू मात्र एकदा मैदानात मोजलंस, एकदा गोदामाच्या मधोमध, एकदा कोपऱ्यात, आणि त्यातला मोठा, नव्याण्णव, उचलून जाहिरातीच्या पत्रकात छापलास. खाली मोजणारी म्हणून नाव माझं. कोपऱ्यात भिंती आवाजाला फुकटचा हात देतात, हे तुला माहीत नव्हतं असं सांगू नकोस. सगळेच वाढवून छापतात म्हणे. जग शेण खातं म्हणून आपणही ताट घेऊन बसायचं का?

ते पत्रक वाचूनच शाळेच्या बाईंनी तीनऐवजी एकच खोका घेतला. ऐकू न येणारी पोरं ती, रंगमंचाच्या फळ्यांतून तळपायाला लागणाऱ्या ठोक्यावर नाचतात. ठोका पुरेना म्हणून बाई आवाज चढवत गेल्या आणि ऐन नाचात खोक्यातली कॉईल जळून ठोकाच बंद पडला. वास पहिल्या रांगेपर्यंत आला. पोरं जागच्या जागी थबकली, आणि त्यांच्या मधोमध तुझी लेक, आपली भिंगरी. तू दौऱ्यावर होतास. तुझ्या खुर्चीवर मी पर्स ठेवली होती.

विकलेले खोके मी परत मागवलेत, उरलेली पत्रकं फाडलीत. त्यावर तू काय बोलायचं ते बोल, मला फरक पडत नाही. पण घरी आल्यापासून भिंगरी अनवाणी फरशीवर पाय आपटून बघते आणि हातांनी मला विचारते, माझा पाय चुकला म्हणून सगळे थांबले का? मी नाही म्हणते, तिला पटत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. खरं काय ते मी तिला सांगू शकते, पण सांगणार नाही. ते तू सांगायचंस, तिच्यासमोर बसून, स्वतःच्या हातांनी. तेवढ्या खुणाही तुला अजून धड येत नाहीत, दादा. शिकून ये.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी