साहेबाच्या दगडाखाली

बाबा, शेतातला साहेबाचा दगड हलवला. तुम्ही असतात तर जेसीबीच्या आडवे पडला असतात, ठाऊक आहे मला. पण आपल्या वळ गावात आता हे शेत सोडून चहूकडे गोदामं झालीत, आणि भावाला काही धीर धरवेना.

मी नऊ वर्षांची असेन. खेळता खेळता त्या दगडावर चढले आणि तुम्ही असा कान पिळलात की दोन दिवस ठणकत होता. "उतर! उठवू नको त्याला. उठला तं ईचारील, तुमी कोन म्हनून." गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. गोरा शिपाई पलटण सोडून आपल्या खापरपणजीपाशी राहिला, तापानं मेला, तिनं त्याला शेतातच पुरलं. तिचा नवरा त्याआधीच खाडीत मासे मारायला गेला तो परत आलाच नाही. तुमचे घारे डोळे, भावाचे, माझ्या मुलीचे, सगळे त्या गोऱ्याचे. कुणी "साहेबाची अवलाद" म्हटलं की आई चिडायची आणि तुम्ही मिशीत हसायचात. सर्वपित्रीला घरच्या पितरांची पानं वाढून झाली की साहेबाचं वेगळं पान निघतं: पाव, उकडलेलं अंडं, पेलाभर दारू. दगडावर ठेवायचं आणि मागं न बघता यायचं. मी एकदा बघितलं. पावाला मुंगीसुद्धा लागली नव्हती. घरी येऊन पांघरूण घेऊन पडले, कुणाला बोलले नाही.

लग्नात तुम्ही मला साहेबाची पितळी डबी दिलीत, त्याचं नाव कोरलेली. यंदा मुलगी त्या नावावरून हट्टाला पेटली. नेटवर महिनोन् महिने शोधत बसायची. मी म्हणायची, अगं, मेलेल्याला कशाला छळतेस? तर पलटणीच्या यादीत तो सापडला, त्याची बायको सापडली, पोरं सापडली, आणि तिकडच्या त्याच्या पणतीच्या पोरीनं फोटो पाठवला. बाबा, काय सांगू! खुर्चीत तुम्हीच बसला होतात, कोट घालून, मांडीवर गोरी नातवंडं. मला रडू फुटलं, आनंदानंच. मग मुलीनं पुढचं वाचलं. तो मुंबईहून बोटीनं मायदेशी गेला, म्हातारा होऊन आपल्या बिछान्यात मेला, तिथल्याच चर्चच्या आवारात बायकोशेजारी त्याला पुरलं. "आई," मुलगी म्हणाली, "मग आपल्या शेतात कोण आहे?" मी फोन पालथा ठेवला. भीती वाटली, खरंच सांगते.

भावाला सांगितलं तर म्हणतो, "मेलेला कोन का आसंना, ताई, सोमवारी पाया खोदायचा हाय." म्हणून सोमवारी मी नारपोलीच्या सासरहून सकाळीच जाऊन उभी राहिले. दगड सरकला. चार हात खोल गेल्यावर जेसीबीवाला थांबला, खाली उतरला, वाकून बघत राहिला. "दीदी, ये आपका गोरा नहीं है. इसकी कमर देखो." हाडांत चांदीचा करगोटा होता, आपल्या गड्यांच्या कमरेला असतो तसाच. आणि कवटी मागून फुटलेली. भाऊ खड्ड्याशी धावला. "झाक, झाक! काँक्रीटची गाडी नाक्यावर आलेय. कोनाला कलनार हाय?" मी ओरडले, अरे, हा खापरपणजीचा नवरा, खाडीत गेलाच नव्हता! ज्याच्यापायी हा मेला त्याच्याच नावानं पाव खाऊ घातला ह्याला पिढ्यान् पिढ्या! आता वर गोदाम बांधतोस? मी खड्ड्याच्या काठावर बसले, उठलेच नाही. पोलीस आले, पंचनामा झाला, काम बंद पडलं, भावानं बोलणं टाकलं.

कुणी मारलं, बाबा? त्या गोऱ्यानं, का आपल्याच खापरपणजीनं, का दोघांनी मिळून? तुमची शेवटची सर्वपित्री आठवते. काठी टेकत स्वयंपाकघरात आलात, पानावरचा पाव काढलात आणि तांदळाची भाकर नि सुकट ठेवलीत. मी हसले, साहेबाला कुठली सुकट? तुम्ही चुलीकडे बघत राहिलात. ठाऊक होतं ना तुम्हाला? मग बोलला का नाहीत? माझा तर पार संताप झालाय तुमच्यावर.

हाडं ताब्यात मिळाली तेव्हा खाडीकाठी त्याला अग्नी दिला. भाऊ आला, न बोलता. भटजींनी विचारलं, "मयताचं नाव?" साहेबाचं नाव, त्याच्या बायकोचं, एकेका पोराचं, बोटीचंसुद्धा मुलीनं शोधून काढलं होतं. ह्याचं नाव मात्र आपल्या घरात कुणी राखलंच नाही. सगळे थांबले होते. भाऊ माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं, बाबा. घाईत चुकून गेलं, असं मी सगळ्यांना सांगितलंय. चुकून नव्हतं.